अफगाण चर्च आणि आपले शिपाई

मुंबईत कुलाब्याला सेंट जॉनचे चर्च आहे. लोक त्याला अफगाण चर्च म्हणतात. पायाभरणी १८४७ सालची. १८३८ ते १८४३ या काळात सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत आजाराने, तलवारीने मेलेल्यांचे हे स्मारक. वेदीकडच्या भिंतींवर गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे आहेत. साध्या शिपायांची नाहीत. ते इतके होते की नावे नोंदवता येणार नाहीत, असे तिथला लेखच सांगतो.

मुंबईच्या फौजेत कोकणातले, देशावरचे मुसलमान होते, मराठे होते, महार होते. कंपनीच्या पगारासाठी कलमा पढणाऱ्यांवरच बंदूक रोखायची पाळी आपल्या माणसांवर आली. इबादतगाह कुणाचीही असो, आम्ही ती अदबीनेच पाहतो; पण ही गोष्ट सांगायलाच हवी.

चर्चचे पवित्रीकरण ७ जानेवारी १८५८ ला झाले. त्याआधी तीन महिन्यांच्या आतच, १५ ऑक्टोबर १८५७ ला आजच्या आझाद मैदानाच्या जागी याच फौजेतल्या हवालदार सय्यद हुसेन आणि शिपाई मंगल गाडिया यांना बंडाच्या आरोपावरून तोफेच्या तोंडी दिले गेले. तिथून कुलाब्याचे चर्च पायी तासाभराच्या वाटेवर आहे.