रोगजंतूंचे वर्गीकरण व ज्वरचिकित्सा, डहाणू-तलासरी परिसरातील

सांसर्गिक रोगांस कारणीभूत होणाऱ्या सूक्ष्मजीवांची गटवारी व तदनुसार औषधयोजना यांचा विकास सु. दीडशे वर्षांतील आहे. उत्तर कोकणातील डहाणू व तलासरी हे तालुके (१ ऑगस्ट २०१४ पूर्वी ठाणे, तदनंतर पालघर जिल्हा) या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. किनारा, डोंगराळ वने, चार महिन्यांचा पाऊस आणि भातखाचरांत राबणारी वारली व अन्य आदिवासी वस्ती यांमुळे पावसाळ्यात ताप हे येथील नित्याचे लक्षण होय; तथापि त्यामागील कारणे भिन्न असतात.

पूर्वी ज्वराचे प्रकार त्याच्या गतीवरून ओळखले जात. आयुर्वेदातील तृतीयक व चातुर्थिक ज्वर ही त्याची उदाहरणे होत. गावपातळीवर उपचार भगताकडे असे. १८८० मध्ये लाव्हरां यांना रक्तात हिवतापाचे परजीवी दिसले व १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे रॉनल्ड रॉस यांनी ते डासात दाखविले. १८८२ मध्ये कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला. १८८४ मध्ये ग्राम यांनी जंतूंचे दोन गट करणारी रंजनपद्धती मांडली. यामुळे लक्षणांऐवजी कारणावरून वर्गीकरण शक्य झाले.

हिवतापाचा परजीवी हा प्रजीव आहे. थंडी वाजून येणारा व घामाने उतरणारा ताप हे त्याचे लक्षण असून व्हायव्हॅक्स प्रकारावर क्लोरोक्विन व प्रायमाक्विन देतात. आंत्रज्वराचा जंतू ग्राम-ऋण असून ताप पायरीपायरीने चढतो. १९४८ पासून त्यावर क्लोरॅम्फिनिकॉल वापरात आले. चिखलपाण्यातून त्वचेवाटे शिरणाऱ्या लेप्टोस्पायरा जंतूने डोळे लाल होणे, पोटऱ्या दुखणे व कावीळ ही लक्षणे उद्‌भवतात. त्यावर पेनिसिलीन वा डॉक्सिसायक्लीन देतात.

फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये पेनिसिलीन शोधले. पुण्याजवळील पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन होऊन १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. ही औषधे सुलभ झाली, तसा निदानाविना त्यांचा वापरही वाढला.

व्हायरसांवर मात्र प्रतिजैविकांचा परिणाम होत नाही. युगांडातील झीका वनात १९४७ मध्ये आढळलेल्या व्हायरसाची प्रतिपिंडे भारतीयांच्या रक्तात असल्याचे पुण्याच्या व्हायरस संशोधन केंद्राच्या (स्थापना १९५२) पाहणीतून १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु अशी प्रतिपिंडे डेंग्यूसारख्या सजातीय व्हायरसांमुळेही दिसू शकतात. राज्यातील पहिला निश्चित रुग्ण २०२१ मध्ये बेलसर (जि. पुणे) येथे, तर जुलै २०२२ मध्ये तलासरी तालुक्यात एक रुग्ण आढळला. सौम्य ताप, पुरळ, लाल डोळे व सांधेदुखी ही याची लक्षणे असून गर्भवतीस संसर्ग झाल्यास अर्भकाचे डोके लहान राहू शकते. त्यावर विशिष्ट औषध नाही. डासप्रतिबंध हाच उपाय होय.

लाल डोळे व ताप लेप्टोस्पायरा व झीका या दोहोंतही आढळतात. पण एकावर प्रतिजैविक जीव वाचविते, तर दुसऱ्यावर ते व्यर्थ जाऊन जंतूंमधील औषधरोध वाढविण्यास हातभार लावते. म्हणून औषधापूर्वी रक्ततपासणी महत्त्वाची ठरते.