तिजोरी आणि वर्गणी

बडनेऱ्याहून यवतमाळकडे जाणारा रस्ता नांदगाव खंडेश्वर तालुक्यातून जातो. याच तालुक्यातील मंगरूळ चव्हाळा येथे २०१२ साली मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी निवासी शाळा काढली. तिचे नाव ‘प्रश्नचिन्ह’. भोसले स्वतः फासेपारधी. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाची नोकरी सोडून त्यांनी भीक मागणारी मुले गोळा केली आणि लोकवर्गणीवर शाळा उभारली.

हा भार वर्गणीवर का पडला, हे समजण्यासाठी १८७१ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याला देशभर वाट मोकळी झाली. जमातीचे नाव यादीत चढले की तिच्यात जन्मणारे मूलही संशयित ठरे. हजेरी, बोटांचे ठसे, परवानगीवाचून गाव सोडण्यास मनाई, तारेच्या कुंपणातील वसाहती... या साऱ्यासाठी सरकारी तिजोरी उघडी होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. पोलिसी नजर मात्र रद्द झाली नाही.

याच काळात सुधारणेचा एक क्षीण प्रवाहही वाहत होता. पहिल्या चुकीला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळीक देणारा परिवीक्षेचा कायदा मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३६ साली झाला, मुंबई इलाख्याच्या दोन वर्षे आधी! पुढे १९५८ चा केंद्रीय कायदा आला. त्याच्या कलम १३ नुसार मान्यताप्राप्त संस्थाही परिवीक्षा अधिकारी पुरवू शकते, आणि कलम १७ नुसार अशा संस्थेला अर्थसाहाय्य देण्याचे नियम राज्य सरकारला करता येतात. तरतूद लहान, पण महत्त्वाची. शिक्षेच्या यंत्रणेत लोकांच्या संस्थेला जागा आणि पैसा देणारी.

मात्र ती लागू होते न्यायालयात अपराधी ठरलेल्या माणसाला. पारध्याच्या मुलाने गुन्हा केलेलाच नव्हता. संशय जन्माने मिळालेला. ज्याच्यावर खटलाच नाही, त्याच्यासाठी परिवीक्षाही नाही आणि त्या कलमातले अर्थसाहाय्यही नाही. प्रश्नचिन्ह शाळा उभी राहिली ती या पोकळीत.

२०१९ साली समृद्धी महामार्गाच्या कामात वर्गणीतून बांधलेले तिचे ग्रंथालय पाडले गेले.