धात्रीची परीक्षा

मूल सांभाळण्यासाठी बाई ठेवायची म्हटली की घरातली वडीलधारी मंडळी आजही ठरावीक चौकशा करतात. कुठल्या गावची, कोणाच्या ओळखीने आली, प्रकृती कशी आहे, स्वभाव रागीट तर नाही ना, बोली कोणती. या चौकशा निदान दीड-दोन हजार वर्षे जुन्या आहेत. त्यांचा इतिहास पाहू गेल्यास निवड करणाऱ्यांविषयी पुष्कळ कळते आणि निवडल्या गेलेल्या बाईविषयी फारच थोडे. आमच्या मते या विषयाची खरी गोम तिथेच आहे.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, धात्री कशी असावी याची मोठी यादी आहे. ती समान वर्णाची, तरुण, शांत, निरोगी, निर्व्यसनी, त्याच देशात जन्मलेली, कुलीन, वत्सल, स्वच्छतेची आवड असलेली आणि सावध असावी. तिचे स्वतःचे मूल जिवंत असावे आणि तो मुलगा असावा. सुश्रुताने दुधाची परीक्षा सांगितली आहे. दूध पाण्यात टाकले असता ते थंड, निर्मळ, पातळ आणि शंखासारखे पांढरे दिसावे. पाण्याशी एकजीव व्हावे. त्याला फेस वा तंतू नसावेत. ते तरंगू नये आणि तळाशीही बसू नये. दाई वारंवार बदलू नये, निरनिराळे दूध बाळाला मानवत नाही, असेही तो बजावतो.

यातले वर्ण आणि कुळ यांविषयीचे आग्रह त्या काळाचे म्हणून बाजूला ठेवले तरी उरते ते कमी नाही. चरकाने बाळाच्या खोलीचा आणि खेळण्यांचाही विचार केला आहे. खेळणी रंगीबेरंगी, आवाज करणारी आणि हलकी असावीत, टोकदार नसावीत, तोंडात जातील अशी नसावीत, भीतिदायक नसावीत. मूल रडले किंवा जेवेना म्हणून त्याला राक्षस-पिशाचांची नावे घेऊन घाबरवू नये, असे तर त्याने स्पष्टच म्हटले आहे. बागुलबुवाच्या आधाराने घास भरवणाऱ्या आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी हा अध्याय वाचला नव्हता, हे उघड आहे!

मात्र एक गोष्ट या यादीत नाही. धात्रीचे मूल जिवंत हवे, कारण तेच तिच्या दुधाचे प्रमाण. परंतु ती दुसऱ्याच्या घरी राहू लागल्यावर त्या मुलाने काय प्यावे, याविषयी तिथे शब्द नाही. राग, शोक आणि मायेचा अभाव यांनी दूध आटते, म्हणून तिचे मन प्रसन्न ठेवावे, असे सुश्रुत सांगतो. तिच्या सुखाची दखल घेतली गेली आहे, पण दुधासाठी.

राजघराण्यांनी हे ऋण आपल्या पद्धतीने फेडले. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती ढासळली, तेव्हा जवळच्या कापूरहोळची धाराऊ गाडे ही दूधआई म्हणून आणली गेली, अशी परंपरा आहे. ५ सप्टेंबर १६५९ रोजी सईबाई निवर्तल्या. धाराऊचे मुलगे अंतोजी आणि रायाजी पुढे संभाजीराजांच्या सेवेत होते, असेही परंपरा सांगते. पगाराची बाई आणि नातलग यांच्यामधले हे स्थान होते, आणि 'दूधभाऊ' या शब्दात ते नेमके उतरले आहे.

मोगलांकडे हेच स्थान किती वर जाऊ शकते, हे अकबराच्या काळात दिसले. बैरामखान पदच्युत झाल्यावर काही काळ माहम अंगा या दाईचा दरबारात मोठा दबदबा होता. दिल्लीत जुन्या किल्ल्यासमोरची खैरुल मनाझिल मशीद तिनेच बांधवली. तिचा मुलगा आधमखान १५६१ मध्ये माळव्यावर चालून गेला आणि सारंगपूरपाशी त्याने बाजबहादूरचा पराभव केला. पुढच्याच वर्षी त्याने शम्सुद्दीन अतगाखानाचा खून केला. हा अतगाखान अकबराच्या दुसऱ्या दाईचा, जिजी अंगेचा, नवरा. अकबराने आधमखानाला गच्चीवरून खाली फेकवले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत माहम अंगाही वारली. ज्या बाळासाठी दोघींना आणले गेले, त्याच्याच महालात एकीचा नवरा आणि दुसरीचा मुलगा मेला.

माळव्यातल्या वाचकांना मांडूच्या सागर तलावाजवळची 'दाई का महल' ही वास्तू ठाऊक असेल. वस्तुतः ती कबर आहे, आणि जवळच दाईच्या धाकट्या बहिणीचीही आहे. दाईसाठी एवढी इमारत उभी राहिली असे लोकांनी मानले, परंतु तिचे स्वतःचे नाव तिला चिकटले नाही.

'आया' हा शब्द मात्र वेगळ्या वाटेने आला. तो पोर्तुगीज, गोमंतकीय वाचकांना हे नवे नाही. इंग्रजांनी तो उचलला आणि छावण्यांतल्या बंगल्यांतून तो सर्वत्र पसरला. बेळगाव, महू, सिकंदराबाद ही आपल्या वस्त्यांच्या लगतचीच ठिकाणे. तिथे दुधापेक्षा चिठ्ठीला महत्त्व आले. आधीच्या मडमेने लिहून दिलेली शिफारस जवळ असेल तर पुढची नोकरी. साहेबाचे कुटुंब विलायतेला निघाले की बोटीवर मुले सांभाळायला आया बरोबर जाई. तिकडे पोहोचल्यावर परतीची सोय न करता तिला सोडून दिल्याचेही प्रसंग घडत. अशा स्त्रियांसाठी लंडनमध्ये एक आश्रयगृह होते. १९०० मध्ये ते हॅकनी भागात गेले. त्या घरावर २०२२ साली स्मृतिफलक लागला. निवडीच्या वेळी शंभर प्रश्न विचारणाऱ्यांनी निरोपाच्या वेळी एकही विचारला नाही.

आता आपल्या घरांकडे वळू. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या मागोमाग किंवा नंतर नोकरी-व्यापारासाठी आपले पूर्वज परमुलखात स्थिरावले. 'त्याच देशात जन्मलेली' ही चरकाची अट त्यांना पाळायची, तर देश कोणता धरायचा? देशावरून बाई आणणे क्वचितच शक्य होते. मग ठेवली गेली ती माळवी बोलणारी, गुजराती बोलणारी, कन्नड किंवा दखनी बोलणारी. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी पूजेतले श्लोक आईकडून आणि अंगणातली भाषा तिच्याकडून घेतली. आपल्या मराठीत जे शब्द, जे हेल पुण्याच्या पाहुण्यांना खटकतात, त्यांतले काही तिच्या कडेवर बसून आलेले असावेत, असे आम्हांस वाटते. त्याची खंत करण्याचे कारण नाही.

पण सगळेच असे गोड नव्हते. कित्येक घरांत मूल सांभाळायला ठेवलेली 'बाई' ही स्वतःच आठ-दहा वर्षांची पोर असे; दोन वेळचे जेवण आणि वर्षाचे कपडे एवढ्यावर गावाहून आणलेली. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यावर केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी घातली. तोवर याला कोणी नोकरी म्हणत नव्हते, उपकार म्हणत होते.

आपले कुलवृत्तांत आम्ही आवडीने चाळतो. त्यांत शाखा आहेत, गोत्र आहे, दत्तकविधान आहे, घोडे आणि गावांची उत्पन्नेही आहेत. दाईची नोंद आढळलीच तर 'दाई' एवढीच. ज्या घरांतून ऐंशी-नव्वदीची मंडळी अजून आहेत, त्यांनी या सुट्टीत त्यांना तीन प्रश्न विचारावेत. सांभाळणाऱ्या बाईचे नाव काय होते, ती कोणत्या गावची होती, आणि तिची स्वतःची मुले तेव्हा कोणाकडे असत? उत्तरे कुलवृत्तांताच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवावीत. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर तेही लिहावे.