हात थांबला तरी न थांबणारे हत्यार

बलुतेदारीच्या काळी पौड खोऱ्यातील आपला सुतार नांगर, कुळव व गाड्या घडवीत असे. वाकस, रंधा, पटाशी ही त्याची हत्यारे. हात थांबला की हत्यार थांबे. पुढे 1921 च्या मुळशी सत्याग्रहानंतरही धरण झालेच, व 1927 पासून त्या पाण्यावर भिऱ्यास वीज निघू लागली. ती मुंबईस गेली. आपल्या पडवीत वीज कित्येक वर्षांनी आली. तिच्यामागून आलेली चक्री करवत मात्र बटण बंद केल्यावरही फिरत राहते.

1948 च्या कारखाना कायद्याने धोक्याच्या यंत्रभागांस आवरण सक्तीचे केले. परंतु केवळ कुटुंबीयांसह चालणारे छोटे घरगुती काम त्याच्या कक्षेबाहेर राहिले. तेथे निरीक्षक आपणच! यास्तव करवतीचे झाकण काढू नये, सैल बाही व हातमोजे टाळावेत, चष्मा लावावा, लहान तुकडा काठीने ढकलावा, पाते बदलण्यापूर्वी प्लग काढावा. बोट गेले तर पिढ्यांची कला जाते. खंडेनवमीस हत्यारे पूजताना झाकणे व तारा तपासाव्यात, अशी ज्ञातिबांधवांस आमची नम्र विनंती आहे.