तालीम

‘तालीम’ हा अरबी शब्द उर्दूत शिक्षण झाला, मराठीत लाल मातीचा आखाडा. शब्दाने डोकं आणि अंग वेगळं मानलं नाही. इब्न सिनाने १०२५च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘अल-कानून’ या वैद्यकग्रंथात व्यायामावर, म्हणजे रियाज़तवर, स्वतंत्र प्रकरणं आहेत. गणिताला उर्दूत रियाज़ी म्हणतात, तेही त्याच धातूतून.

आमच्या अँटॉप हिलपासून जवळच, परळ-लालबागच्या गिरणगावात, कोकण-घाटावरून आलेल्या कामगारांच्या तालमी होत्या. बायकापोरं गावी, एका खोलीत दहा-बारा माणसं, वर पाळीचं काम. अशा वेळी तालीम म्हणजे अंग घुसळायची आणि मन मोकळं करायचीही जागा. (बाप्यांचं मन, अर्थात.)

२०११ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात १२० वयस्क होते. निम्म्यांनी वर्षभर नियमित चालायचा व्यायाम केला. त्यांच्या मेंदूतला स्मरणाशी निगडित भाग, हिप्पोकॅम्पस, सुमारे २ टक्क्यांनी वाढला. नुसतं अंग ताणणाऱ्या उरलेल्यांचा घटला.

तरीही दहावी लागली की पालक म्हणतात, “सर, पीटीचा तास गणिताला द्या.” रियाज़ीसाठी रियाज़त बंद! मुलींचं खेळणं तर सातवीतच थांबलेलं असतं.