ॲकॅडमीच्या आधीचे १२ खंड

'होन्झुकी नो गेकोकुजो' वाच, असं मी कुणाला सुचवलं की चार दिवसांनी हमखास मेसेज येतो, 'अरे, ॲकॅडमी कधी येणार?' प्रश्न रास्त आहे. जादू शिकवणारी शाळा, उमरावांची मुलं, भलंमोठं ग्रंथालय, एवढं ऐकून माणूस वाचायला बसतो आणि ती शाळा उगवते थेट चौथ्या भागात, म्हणजे तेराव्या खंडात. एकूण खंड ३३. इंग्रजीत ही मालिका 'असेन्डन्स ऑफ अ बुकवर्म' या नावानं मिळते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ॲप उघडायला दोन सेकंद जास्त लागले तर माणूस निघून जाईल, या भीतीवर आमचं अर्धं काम चालतं. मग लोक शाळेसाठी १२ खंड थांबतात कसे? मला वाटतं, याचं उत्तर पुस्तकं स्वस्त कशी झाली या इतिहासात आहे. गंमत म्हणजे ही कादंबरीही त्याचीच गोष्ट सांगते.

उरानो ही पुस्तकवेडी तरुणी भूकंपात पुस्तकांच्या ढिगाखाली सापडून मरते आणि दुसऱ्या जगात पाच वर्षांच्या आजारी माइनच्या शरीरात जागी होते. बाप शिपाई, घरात एकही पुस्तक नाही. तिथं पुस्तकं हातानं लिहिलेली असतात आणि ती फक्त उमरावांना परवडतात. मग माइन ठरवते, मिळत नाही ना, तर आपणच करू. 'गेकोकुजो' म्हणजे खालच्यानं वरच्याला मात देणं. जपानच्या यादवी युद्धांच्या काळाशी जोडलेला हा शब्द इथं एका पुस्तकवेड्या पोरीला लावलाय.

सुरुवातीचे तिचे सगळे प्रयत्न फसतात. गवताच्या तंतूंपासून पपायरससारखं काही विणायला जाते, ते जमत नाही. मातीच्या पाट्या करते, त्या भाजताना फुटतात. लाकडाच्या पट्ट्या जमवते, तर आई त्या सरपण समजून चुलीत घालते. म्हणजे इजिप्त, मेसोपोटेमिया आणि प्राचीन जपान एका गरीब स्वयंपाकघरात येऊन जातात. लाकडी पट्ट्यांना जपानीत 'मोक्कान' म्हणतात. आठव्या शतकात नारा राजधानी असताना करात आलेल्या मालावर अशा पट्ट्या लावत. वरचा थर तासला की पट्टी पुन्हा वापरता येई.

पुढे झाडाच्या सालीपासून कागद होतो, काजळीची शाई होते आणि शेवटी धातूचे खिळे. ते घडवणाऱ्या कारागिरांना माइन 'गुटेनबर्ग' ही पदवी देऊन टाकते.

खऱ्या जपानचा रस्ता मात्र एवढा सरळ नव्हता. युरोपी छपाईयंत्र तिथं १५९० मध्ये जेझुइटांनी नेलं, युरोपचा दौरा करून परतणाऱ्या चार जपानी तरुणांबरोबर. वाटेत त्यांचा मुक्काम गोव्यात झाला होता, जिथं १५५६ मध्येच छापखाना आला होता. पण १६१४ मध्ये जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि ते यंत्रही गेलं. त्याच सुमाराला कोरियातून आलेली खिळ्यांची पद्धतही पुढे मागे पडली. जपानी वळणदार, जोडून लिहायची लिपी आणि शेजारी चित्रं, हे सगळं एका लाकडी ठोकळ्यावर कोरणं सोपं होतं. शिवाय ठोकळे जपून ठेवले की हवं तेव्हा पुन्हा छापता येई.

तरीही पुस्तक विकत घेणं सामान्य माणसाला जड जाई. त्यावर उपाय म्हणजे 'काशिहोन्या', भाड्यानं पुस्तकं देणारे. पाठीवर गठ्ठा बांधून ते दारोदार फिरत. १८०८ मध्ये एकट्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, असे ६५६ धंदेवाले होते. याच काळात क्योकुतेइ बाकिननं 'नान्सो सातोमी हाक्केन्देन' लिहिली. आठ जादुई मणी, ते धारण करणारे आठ वीर आणि १०६ पुस्तकं! १८१४ ते १८४२, तब्बल २८ वर्षं ती येत राहिली. शेवटी बाकिनची दृष्टी गेली, तेव्हा त्यानं सुनेला मजकूर सांगून ती पुरी केली. एवढी लांबण वाचक का सहन करत होते? एक कारण मला साधं वाटतं. पुढचा भाग भाड्यानं मिळत होता, वाट पाहणं खिशाला परवडत होतं.

२००४ मध्ये 'शोसेत्सुका नि नारो' ही वेबसाइट सुरू झाली. नावाचा अर्थ, 'लेखक होऊ या'. कुणीही लिहावं, कुणीही फुकट वाचावं. मिया काझुकी यांनी २०१३ ते २०१७ या काळात तिथं 'होन्झुकी'चे ६७७ भाग टाकले. छापील खंड २०१५ पासून येऊ लागले. कागदाचा खर्च नाही, पानांची मर्यादा नाही, त्यामुळे एक पाटी फुटण्यालाही स्वतंत्र प्रकरण देता आलं. पाठीवरचा गठ्ठा आता खिशातल्या फोनमध्ये आला होता.

आणि मग ॲकॅडमी येते. इथं उमरावांतही गरीब-श्रीमंत आहेत. माइन, जिचं आता नावही बदललंय, ग्रंथालयातली पुस्तकं उतरवून देणाऱ्या गरीब घरच्या विद्यार्थ्यांना पैसे देते. लिहिणाऱ्याच्या हाताला काम, तिला पुस्तक. हे पान वाचताना कागदाचा एक ताव बनायला काय लागतं हे आपल्याला ठाऊक असतं, कारण १२ खंड आपण तेच पाहिलेलं असतं. पहिल्याच प्रकरणात ॲकॅडमी आली असती, तर ते ग्रंथालय नुसता एक देखणा सेट झालं असतं.

म्हणून आता त्या मेसेजला मी एवढंच उत्तर देतो: आधी पाटी फुटू दे.