गाडीचा विमा : कंपनीगणिक हप्ता वेगळा का? स्वस्त पॉलिसी घेण्याआधी हे बघा

कर्जत : माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे खाजगी गाडी जात नाही. पण नेरळचा घाट चढणारी, कर्जतच्या बाजारात येणारी किंवा खालापुरातून एक्स्प्रेसवेला लागणारी कुठलीही गाडी विम्याशिवाय चालवता येत नाही. विमा नसेल तर पहिल्या वेळी २ हजार, दुसऱ्यांदा ४ हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. तरीही एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचा हप्ता वेगळा का, हे अनेकांना कळत नाही.

दर कोण ठरवतं?

पॉलिसीचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई. हा सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार खाजगी कारला १००० सीसीपर्यंत २,०९४, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये वर्षाला. वर १८ टक्के जीएसटी. इथं कंपनी बदलून काही वाचत नाही.

दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान किंवा चोरी. याचे दर पूर्वी देशभर सगळ्या कंपन्यांना सारखेच होते. १ जानेवारी २००७ पासून ते मोकळे झाले. तेव्हापासून प्रत्येक कंपनी आपला दर लावते. चढाओढ आहे ती इथंच.

फायदा कुणाला, तोटा कुणाला?

नवी गाडी आणि क्लेम नसलेला मालक यांना कंपन्या जास्त सूट देतात. जुनी गाडी किंवा वारंवार क्लेम असेल तर हप्ता चढतो. जो दरवर्षी न विचारता तीच पॉलिसी पुढं चालवतो, त्याला चढाओढीचा फायदा मिळत नाही. दोन-तीन ठिकाणी विचारणं म्हणूनच गरजेचं.

स्वस्ताईतल्या खाचा

१) आयडीव्ही कमी दाखवणे : गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीलायक राहिली नाही तर मिळणारी रक्कम आयडीव्हीवर ठरते. समजा एक पॉलिसी ४ लाखांच्या आयडीव्हीची आणि दुसरी ३ लाख ४० हजारांची. दुसरीचा हप्ता कमी येणारच, पण वेळ आली की ६० हजारांचा फटका बसतो. तुलना सारख्याच आयडीव्हीवर करावी.

२) घसारा : साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरीचे निम्मेच पैसे मिळतात. बाकीचे खिशातून. झिरो डेप घेतलं तर हप्ता वाढतो, पण ही कपात टळते.

३) पावसाळा : पूर आणि दरड साध्या पॉलिसीतही धरलेली असते. पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून इंजिन बसलं तर तो खर्च सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं.

४) खोटा नो क्लेम बोनस : क्लेम नसेल तर ओन डॅमेजवर पहिल्या वर्षी २० टक्के आणि वाढत पाच वर्षांनी ५० टक्के सूट मिळते. आधी क्लेम घेतलेला असताना ही सूट लावून कुणी हप्ता कमी करून देत असेल तर ते अंगाशी येतं. पुढच्या क्लेमच्या वेळी कंपनी जुना रेकॉर्ड काढते.

५) पांढऱ्या पाटीवर भाडं : शनिवार-रविवारी पर्यटक नेण्यासाठी खाजगी गाडी भाड्यानं फिरवली आणि अपघात झाला तर खाजगी पॉलिसीवर क्लेम नाकारला जाऊ शकतो. भाड्याच्या गाडीचा परवाना आणि विमा दोन्ही वेगळे.

छोटा क्लेम घ्यावा का?

आधी हिशेब करावा. सूट धरण्याआधीचा ओन डॅमेज हप्ता ८ हजार आणि बोनस ५० टक्के असेल तर क्लेम घेतल्यावर पुढच्या वर्षी ४ हजार जादा जातात. बंपरचं काम ३ हजारांचं असेल तर ते स्वतःच केलेलं परवडतं.

मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर बोनस जातो. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. गाडी विकली तरी तो नव्या गाडीला लावता येतो.

तक्रार कुठं?

आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी. दाद लागली नाही तर विमा नियामकाचा १५५२५५ हा टोल फ्री नंबर किंवा बीमा भरोसा पोर्टल. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथं फी नाही, वकीलही लागत नाही.